प्रकल्प नोंदी: चार कोटी अंकांची मूळ संख्या

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली. गणित दिन २२ डिसेंबरला, म्हणजे यंदा रविवारी येतो. त्यामुळे प्रदर्शन शनिवारी २१ तारखेला, सकाळच्या शाळेतच उरकायचं असं हेडसरांनी सांगितलं. दरवर्षी आमच्याकडे थर्माकोलचा पायथागोरस आणि पुठ्ठ्याची पाढ्यांची चक्रं होतात. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या बहुतेक शाळांत तेच होत असावं. यंदा नववीला वेगळं काम दिलंय.

२१ ऑक्टोबरला आजवरची सर्वांत मोठी मूळ संख्या जाहीर झाली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. ल्यूक ड्युरंट नावाच्या अमेरिकन माणसाने ती शोधली. तो आधी एनव्हिडिया कंपनीत होता. २०१८ साली सापडलेल्या आधीच्या विक्रमी संख्येत २ कोटी ४८ लाख अंक होते, हिच्यात ४ कोटी १० लाखांच्या वर आहेत. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या अशा मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ज्ञात असलेल्यांत ही ५२ वी. "ज्ञात" हा शब्द फळ्यावर अधोरेखित केला, कारण मधल्या सगळ्या घातांकांची दुबार तपासणी अजून संपलेली नाही. आधीची एखादी निसटलेली असू शकते.

नियम एकच. संख्येची फाईल उघडून बघायची नाही. तिच्याबद्दल जे सांगता येईल ते वहीपेनावर काढायचं, आणि फाईल शेवटी उत्तरं ताडून बघायला.

मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला, "सर, न बघताच काय सांगूलालाव?"

तेच बघायचंय म्हटलं.

८ नोव्हेंबर

अंक किती? १०० हा १० चा दुसरा घात आणि त्यात अंक तीन, हे पोरांना पटकन कळलं. म्हणजे आपली संख्या १० चा कितवा घात आहे ते काढा, पूर्णांक घ्या, एक मिळवा. २ हा १० चा ०.३०१० वा घात. लॉग त्यांना अजून नाहीत, पुढे पीयूसीला (अकरावी-बारावीला) भेटतील, पण एवढ्या कामाला पुरेसं सांगता येतं. माझं जुनं लॉगटेबल कपाटातून काढलं, पानं पिवळी पडलीत पण आकडे शाबूत.

१३,६२,७९,८४१ × ०.३०१० केलं. आलं ४,१०,२०,२३२.१४१. म्हणजे अंक ४,१०,२०,२३३. बातमीत मात्र ४,१०,२४,३२० दिलेत. चार हजारांहून जास्त अंकांची तूट! वर्गात एकदम जिवंतपणा आला. कुणी म्हणालं बातमी चूक, कुणी म्हणालं टेबल चूक. टेबल चूक नाही, आखूड आहे. चार दशांश स्थळांपुढचं जे कापलं गेलं, ते साडेतेरा कोटींनी गुणल्यावर चार हजार होऊन बसतं.

मग पाच स्थळं घेतली: ०.३०१०३. उत्तर ४,१०,२४,३२०.५३६. आता अंक ४,१०,२४,३२१ आले. एकानेच जास्त! हे मला फार आवडलं. एवढ्या अवाढव्य संख्येत फरक एकाचा, आणि तोही चुकीच्या बाजूला, कारण ०.३०१०३ हे खऱ्या किमतीपेक्षा तसूभर मोठं आहे. खरी किंमत ०.३०१०२९९९५६६४.

हिशेबात पक्की असलेली एक मुलगी आहे, वडिलांचं किराणा दुकान. तिने सगळा गुणाकार पुन्हा न करता ०.३०१०३ मधला जादा भाग तेवढा वेगळा काढला: ०.००००००००४३३६. तो १३,६२,७९,८४१ ने गुणला, ०.५९०९ आला, आणि आधीच्या उत्तरातून वजा केला. ४,१०,२४,३१९.९४५३. एक मिळवला की बरोब्बर ४,१०,२४,३२०.

शेवटी वजा केलेल्या १ चं काय, असं एकाने विचारलं. २ च्या कुठल्याच घाताच्या शेवटी शून्य येत नाही, त्यामुळे एक कमी केल्याने अंकांची संख्या घटत नाही. हे त्याचं त्यालाच सुचलं, मी फक्त मान हलवली.

दशांश चिन्हाच्या मागचे ०.९४५३ वाया जात नाहीत. अँटिलॉग, म्हणजे १० चा तेवढा घात, बघितला तर ८.८१६. म्हणजे संख्येची सुरुवात ८८१ ने होते. एका तासात अंक किती ते कळलं आणि सुरुवातही कळली.

१४ नोव्हेंबर

आता शेपूट. २, ४, ८, ६, पुन्हा २, ४, ८, ६. घातांकाला ४ ने भागल्यावर बाकी १, म्हणून घाताचा शेवट २ आणि आपल्या संख्येचा १. पाच मिनिटांत संपलं.

शेवटचे दोन अंक काढताना गंमत झाली. २ चे घात लिहीत जायचं आणि फक्त शेवटचे दोन अंक ठेवायचे: ०२, ०४, ०८, १६, ३२, ६४, २८, ५६, १२, २४, ४८, ९६, ९२, ८४, ६८, ३६, ७२, ४४, ८८, ७६, ५२, आणि मग परत ०४. वीस पायऱ्यांचं चक्र. घातांकाला २० ने भागलं की बाकी १. अर्ध्या वर्गाने ०२ म्हणून हात वर केले. पण फळ्यावर नीट बघा म्हटलं: ०२ एकदाच येतो, पहिल्यांदा, आणि चक्रात परत कधीच शिरत नाही. त्याच्या जागी ५२ बसतो. कारण पहिल्या घातानंतरचे सगळे घात ४ ने भागले जातात आणि ०२ जात नाही. म्हणून संख्येचा शेवट ५१.

तीन अंकांसाठी चक्र १०० पायऱ्यांचं, बाकी ४१. २^४१ (२ चा ४१ वा घात) = २,१९,९०,२३,२५,५५,५५२. म्हणून ५५१. चार अंकांना ५०० पायऱ्यांचं चक्र, बाकी ३४१. इथे २^१०० चे शेवटचे चार अंक ५३७६ घेऊन त्यांचा घन केला आणि २^४१ च्या शेवटच्या ५५५२ ने गुणलं. उत्तर १५५२, म्हणून १५५१. हे काम चार जणांनी वेगवेगळं केलं आणि चौघांचं जुळलं, तेव्हाच वहीत उतरवलं.

बालदिन होता म्हणून मधल्या सुट्टीत खाऊ वाटला. निम्म्या पोरांनी एका हातात लाडू धरून गुणाकार केले, वह्यांवर तुपाचे डाग आहेत.

१९ नोव्हेंबर

सुगी जोरात आहे. भातकापणी, मळणी, नदीकाठच्या गावांतली पोरं तर शाळेत फिरकलीच नाहीत. आलेल्यांना घेऊन ९ ची बाकी काढली: घातांकाला ६ ने भागून बाकी ५, २^५ वजा १ म्हणजे ३१, बाकी ४. म्हणजे या संख्येचे चार कोटी दहा लाख अंक कुणी एकेक करून मिळवले आणि बेरजेचीही बेरीज करत शेवटी एका अंकावर आला, तर तो ४ असणार. नसेल तर मोजणारा चुकला.

अंकांची अशी खोड काढण्यात आपले देवळालीचे कापरेकर गुरुजी वस्ताद होते. शाळामास्तरच ते. त्यांचा ६१७४ हा आकडा पोरांना गेल्या वर्षीच दाखवला होता, त्यामुळे नाव ओळखीचं निघालं.

२३ नोव्हेंबर

प्रकल्पाचा गाभा आजपासून. शेपूट कळलं, डोकं कळलं, पण मूळ आहे हे कशावरून?

आधी एक गैरसमज काढावा लागला. घातांक मूळ असला की २^प − १ मूळ असते, असं पोरांनी ३, ७, ३१, १२७ बघून ठरवून टाकलं होतं. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. झालं, नियम मोडला. उलट बाजू मात्र खरी: घातांक मूळ नसेल तर संख्याही मूळ नसते.

मग २३ आणि ८९ कडे बघायला लावलं. २३ = २ × ११ + १. ८९ = ८ × ११ + १. हा योगायोग नाही. फळ्यावर २ चे घात २३ ने भागून बाक्या लिहिल्या: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकरा पायऱ्यांनी १ वर आलं. फेर्मांचा नियम म्हणतो की २२ पायऱ्यांनी १ यायलाच हवा, म्हणून चक्राची लांबी २२ ला भागते. ११ मूळ आहे, तेव्हा चक्र ११ चंच. म्हणून २^प − १ चा कुठलाही मूळ भाजक २ × क × प + १ या रूपात असतो (क म्हणजे १, २, ३... यांतली कुठलीही संख्या). शिवाय ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ च येते. हे दुसरं कारण नववीला सांगण्यासारखं नाही, ते मी विश्वासावर घ्यायला लावलं.

या दोन चाळण्या लावल्या की काय होतं ते २^२९ − १ वर बघितलं. संख्या ५३,६८,७०,९११. भाजक ५८क + १ असा हवा. ५९: आठाची बाकी ३, गेला. ११७: बाकी ५, गेला. १७५: बाकी ७, पण पाचाने भाग जातो, गेला. २३३: बाकी १, मूळ. पहिलाच खरा उमेदवार! आता तपासायचं. २^८ = २५६, बाकी २३. वर्ग ५२९, बाकी ६३, हा २^१६. ६३ × २३ = १४४९, बाकी ५१, हा २^२४. ५१ × ३२ = १६३२ आणि २३३ × ७ = १६३१. बाकी १.

त्रेपन्न कोटींची संख्या चार ओळींत फुटली. पोरं क्षणभर गप्प, मग "अजून एक द्या सर". २^३७ − १ दिली. ७५ जातो, १४९ जातो, २२३ राहतो, आणि २२३ ने भाग जातो. २^४३ − १ ला ४३१. तिन्ही वेळा पहिला उमेदवारच लागला म्हणून पोरं जरा चढली. ४७ ला २३५१ पर्यंत जावं लागलं तेव्हा उतरली.

आपल्या मोठ्या संख्येला हीच चाळणी लावली. घातांक ८ ने भागल्यावर बाकी १, म्हणून क ला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा ३ हवी. पहिला उमेदवार क = ३ चा: ८१,७६,७९,०४७. म्हणजे एक्क्याऐंशी कोटींच्या खालची एकही मूळ संख्या हिला भागूच शकत नाही, हे आम्ही एकही भागाकार न करता सांगू शकतो. पण पुढे? वर्गमुळापर्यंत जायचं तर वर्गमूळच दोन कोटी अंकांचं. ही वाट इथे संपते.

३० नोव्हेंबर

मर्सेन हा फ्रेंच पाद्री. १६४४ साली त्याने यादी दिली: घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७ ला मूळ संख्या मिळते. त्याचे ६७ आणि २५७ चुकले, आणि ६१, ८९, १०७ सुटले. तरी चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मानाने वाईट नाही, आणि नावही त्याचंच राहिलं.

२^६७ − १ मूळ नाही हे एदुआर ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं, पण भाजक एकही न देता. भाजक १९०३ साली फ्रँक कोल यांनी दिले. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत ते एक शब्द न बोलता फळ्याकडे गेले, एका बाजूला २^६७ − १ काढली, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला, दोन्ही जुळले, आणि ते जागेवर जाऊन बसले, अशी गोष्ट सांगतात.

आम्ही तसंच केलं. लांब फळा पुसून १९,३७,०७,७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार दोन गटांनी दोन टोकांकडून केला. बोलायचं नाही अशी अट होती, ती "हातचा किती?" वर लगेच मोडली. उत्तर १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या टोकाला २ चे घात दुप्पट करत आणलेले, त्यातून १ वजा. जुळलं. किराणावाल्या मुलीने न सांगता पुढचं काम केलं: १९,३७,०७,७२१ मधून १ वजा करून १३४ ने भागलं, पूर्ण भाग गेला, १४,४५,५८०. चाळणी खरी ठरली.

पोरांना अडलं ते दुसरीकडेच. भाजक माहीत नसताना ल्युका "मूळ नाही" म्हणाला कसा? हाच प्रश्न मला हवा होता. त्याचं उत्तर गुरुवारी.

५ डिसेंबर

ल्युका-लेमर चाचणी. ल्युकाची कल्पना, डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये तिला आजचं रूप दिलं. सांगायला इतकी सोपी की संशय यावा. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, २^प − १ ने भागून बाकी ठेवा. पुन्हा तेच. प − २ वेळा केल्यावर बाकी ० आली तर संख्या मूळ, नाहीतर नाही. (प २ पेक्षा मोठा हवा.)

१२७ साठी: ४, १४, १९४ म्हणजे बाकी ६७, मग ४२, मग १११, मग ०. पाच पायऱ्या. भागाकारही करावा लागत नाही. १२८ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. ४४८७ मध्ये १२८ पस्तीस वेळा, उरले ७, बेरीज ४२. बाजारात ९ ची बाकी काढताना अंक मिळवतात, तीच युक्ती दोनाच्या घातांवर. संगणकाला तर हे फारच सोयीचं, आकडा मधोमध कापायचा आणि वरचा तुकडा खालच्यात मिळवायचा.

२०४७ साठी: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. २३ आणि ८९ चं नावही न घेता कळलं की संख्या फुटते. ल्युकाने केलं ते हेच.

८१९१ चं काम तीन गटांना दिलं. ४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०. एका गटाचं ५९७० वर बिनसलं, पुढे सगळंच गेलं आणि शेवटी शून्य आलं नाही. एक बाकी चुकली तर निकाल पार उलटा! यावरून खऱ्या शोधाकडे वळता आलं. आपल्या संख्येला १३,६२,७९,८३९ वर्ग करावे लागतात, प्रत्येक चार कोटी अंकांच्या आकड्याचा. मध्ये एक बिट (संगणकाच्या पोटातला एखादा ० किंवा १) जरी उलटलं तरी सगळं पाण्यात. म्हणून आता शोध घेणारे आधी दुसऱ्या एका चाचणीने "बहुधा मूळ" एवढंच ठरवतात, तिच्यात चालता चालता चूक पकडायची सोय आहे. तिथे होकार आला की मग वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या प्रोग्रामने ल्युका-लेमर. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स कार्डाने "बहुधा मूळ" म्हटलं, १२ तारखेला टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोतल्या दुसऱ्या कार्डाने शिक्कामोर्तब केलं. नंतर आणखी ठिकाणी पडताळलं, तेव्हा जाहीर.

ल्युकाने १८७६ मध्ये ३९ अंकी २^१२७ − १ मूळ ठरवली, हाताने. कागदाची किती भेंडोळी झाली असतील कुणास ठाऊक.

११ डिसेंबर

लॅबमधले संगणक. पोरांनी सात-आठ ओळींत चाचणी लिहिली. ३१, ६१, ८९, १०७, १२७ ला शून्य. ६७ ला नाही. २५७ ला नाही. मर्सेनची यादी एका तासात दुरुस्त झाली.

मग ११२१३. १९६३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात डॉनल्ड गिलीज यांना सापडलेली. त्यांच्या विभागाच्या टपालावर "२^११२१३ − १ मूळ आहे" असा शिक्का मारत असत. पोस्टाचा शिक्का ऐकून पोरं हसली. त्यानंतर २१७०१: १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरा निकेल आणि लँडन नोल या दोघा १८ वर्षांच्या मुलांना सापडली, ६५३३ अंकांची. ही माहिती मी मुद्दाम आकड्याआधी सांगितली. आमच्या जुन्या संगणकावर चहा गार व्हायच्या आत शून्य आलं. त्यांना त्या काळी विद्यापीठाचा मोठा संगणक रात्री-अपरात्री वापरावा लागला होता.

"सर, मग आपला मोठा नंबर लावूया की!"

हिशेब करा म्हटलं. एका वर्गाला सेकंदाचा दहावा भाग धरला, आणि आमच्या यंत्राला तोही झेपणार नाही, तरी १५७ दिवस. मध्ये लाईट गेली नाही असं गृहीत धरून. लाईटचं नाव काढल्यावर विषय संपला.

१४ डिसेंबर

फाईल उघडली. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात सीएनसी मशीनवर असलेला आमचा एक माजी विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन आला. त्याने मला आधी फोनवर सांगितलं होतं: "सर, घात काढायला काहीच वेळ लागत नाही, दशमानात छापायला लागतोय." खरंच आहे. संगणकाच्या पोटात ही संख्या म्हणजे ओळीने १३,६२,७९,८४१ एक, दुसरं काही नाही. १७ एमबी. तिला दशमानात आणणं हेच काम. प्रोग्राम लिहायच्या नेहमीच्या पायथॉन भाषेने तर ४३०० अंकांच्या पुढे छापायला सरळ नकार दिला. ती मर्यादा मुद्दाम घातलेली आहे, कारण तिथली साधी पद्धत मोठ्या आकड्यांवर गुडघे टेकते. मग त्याने मोठ्या संख्यांची वेगळी लायब्ररी वापरली. फाईल ४१ एमबी.

सुरुवात ८८१६९४३२७५. आमचा ८८१ बरोबर. शेवट ८७१५५१. आमचा १५५१ बरोबर. अंकांची बेरीज करून ९ ची बाकी प्रोग्रामने काढली, ४. ज्या चौघांनी चार अंक काढले होते ते आता वर्गात जरा ताठ बसतात.

छापायची म्हटली तर एका पानावर ५००० अंक धरून ८२०५ पानं. हेडसरांनी आकडा ऐकला आणि चष्म्यावरून बघितलं. पहिलं आणि शेवटचं पान छापू म्हटलं, त्यावर तडजोड झाली.

१७ डिसेंबर

एका पालकांनी फाटकाशी गाठून विचारलं, "गुरुजी, याचा उपयोग काय हो?" ऊसतोडीच्या दिवसांत पोरगा संध्याकाळपर्यंत शाळेत थांबतो म्हटल्यावर प्रश्न रास्त आहे.

थेट उपयोग नाही, हेच सांगितलं. बँकेची कुलपं मूळ संख्यांवर चालतात हे खरं, पण तिथे तीनशेच्या आसपास अंकांच्या संख्या लागतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. जगजाहीर झालेली किल्ली कुणी कुलपाला लावत नाही. बाजूने मात्र फायदे होतात. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणितज्ञांना मूळ संख्यांच्या जोड्यांवर काम करताना पेंटियम चिपमधली भागाकाराची चूक सापडली आणि इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या. मर्सेन संख्या शोधणारा प्रोग्राम तर लोक नवा संगणक तापवून पारखायलाच वापरतात. चिप बदलून दिल्याचं ऐकून पालकांचं समाधान झालेलं दिसलं.

२१ डिसेंबर

प्रदर्शन. धुकं होतं, जांबोटीकडची बस उशिरा आली, तरी मांडणी वेळेत झाली. भिंतीवर दोन पानं, मध्ये फळा. बघायला येणाऱ्याने कुठलाही भाग विचारावा, पोरांनी तो तिथेच काढून दाखवावा, अशी योजना. सर्वांत जास्त गर्दी २३३ च्या चार ओळींना झाली. कोलच्या गुणाकाराला म्हातारी मंडळी थांबली, त्यांना हातचे घेणं आवडतं.

ऑफिसातून आलेल्या साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, "एष्टु अंकी?" (किती अंक?) पोरीने अस्खलित कन्नडमध्ये चार कोटींचा आकडा सांगून वर ०.३०१०३ घेतलं तर एक अंक जास्त कसा येतो तेही समजावलं. साहेबांनी खुर्ची मागवली.

एका सातवीतल्या पोराने अडवलं: "हीच शेवटची का?" युक्लिडचा मुद्दा सांगायची पाळी माझ्यावर आली नाही, नववीच्यांनीच सांगितला. असतील तेवढ्या मूळ संख्या गुणून एक मिळवा, नवा मूळ भाजक मिळतो. मिळालेली संख्या स्वतः मूळ असेलच असं नाही: २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१ = ५९ × ५०९. हे उदाहरण त्यांनी स्वतः शोधून ठेवलं होतं. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत का, हे मात्र आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. सातवीतल्याला ते पटेना, "येवढे लोक करूलालेत आणि माहीत नाही?"

प्रत्येक मर्सेन मूळ संख्येमागे एक परिपूर्ण संख्या असते, ६, २८, ४९६, ८१२८ च्या जातीची, म्हणजे स्वतःखेरीज बाकी सगळ्या भाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते. आपल्या संख्येमागची ८,२०,४८,६४० अंकांची आहे आणि तिचा शेवट ६ ने होतो. हे कोपऱ्यात एका चिठ्ठीवर होतं, फारसं कुणी वाचलं नाही.

१६ जानेवारी २०२५

संक्रांतीनंतरचा तास. प्रकल्प कागदोपत्री संपला, पण भाजकांची वही चालू आहे. ४१ ला १३३६७, ५३ ला ६३६१. ५९ अडकला होता. काल मागच्या बाकावरच्याने आणला: १,७९,९५१. क = १५२५. चाळणीतून उरलेले उमेदवार त्याने प्रोग्रामला दिले नाहीत, कॅल्क्युलेटरवर वर्ग करत गेला, आणि सगळ्या बाक्या वहीत आहेत. दोन जागा मी तपासल्या, बरोबर आहेत.

घातांकाला ४ ने भागून बाकी ३ असेल आणि २प + १ मूळ असेल, तर तोच भाजक असतो, हा ऑयलरचा नियमही त्याला दिला. ११ ला २३, २३ ला ४७, ८३ ला १६७. आपल्या मोठ्या घातांकाची बाकी १, तिथे तो लागू पडत नाही, हे त्याने लगेच बघितलं.

आता ६१ घेतलाय. संगणकावर त्याला शून्य आलं होतं ते तो विसरलेला दिसतो. मी आठवण करून दिलेली नाही. किराणावाल्या पोरीने वहीत डोकावून बघितलं, तीही काही बोलली नाही.